कुलगुरूंचे आराखडे आणि आपण : उमवितले अनुभव सांगा

नवे कुलगुरू आले की विकासाचा नवा आराखडा येतो. मुदत ५ वर्षांची, स्वप्नं पन्नास वर्षांची! १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठापासून आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे उमवि, वेगळं झालं. २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं, तरी बोलताना अजून 'उमवि'च. जळगाव, धुळे, नंदुरबारकरांनो, यातलं तुमच्यापर्यंत काय पोचलं? कौतुक, तक्रार, दोन्ही चालेल.

धरणगाव, निवृत्त कर्मचारी
गिरणाकाठचं ते माळरान मी पाहिलंय. नुसता मुरूम, कुदळ मारली की खण्ण आवाज. एप्रिल-मे म्हणजे जळगावचं ऊन, सांगायला नको. आळ्यात ओतलेलं पाणी बघता बघता जिरायचं, मग पालापाचोळा आणून आळी झाकायची. आज नवीन पोरांना वाटतं झाडं आधीपासूनच होती. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे, मूळचे गणितज्ञ. त्या काळातला मोठा निर्णय माझ्या मते झाडांचा नाहीच. नवीन विद्यापीठ म्हणजे परीक्षा घ्या, निकाल लावा, पदव्या वाटा, एवढ्यावरही भागलं असतं. आपल्याकडे प्रशाळा, म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, निघाल्या, प्रयोगशाळा आल्या. पीएचडीसाठी पुण्याला खोली शोधायची वेळ कितीतरी पोरांची टळली.

जळगाव, एमआयडीसी
मी यूआयसीटीचा, म्हणजे विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचा. पेंट, प्लास्टिक, तेल, अन्नप्रक्रिया असे विषय तिथे होते. माझं प्लास्टिक. इथे पाइप आणि चटईचे कारखाने आहेत म्हणून घराजवळ नोकरी लागली, नाहीतर बॅचमधले अर्धे वापी-अंकलेश्वरला. नवीन कोर्स काढताना आधी एमआयडीसीत एक चक्कर मारा, एवढंच म्हणणं. डाळ मिलवाल्यांनाही विचारा.

धडगाव, एमए
दादा, झाडं छानच आहेत. पण आमच्या कॉलेजच्या क्लार्कने फॉर्मवर माझं आडनाव चुकवलं आणि तेच मार्कशीटवर छापून आलं. दुरुस्तीला जळगाव. पहाटेची एसटी, घाट उतरून शहादा, तिथून नंदुरबार, मग भुसावळकडे जाणारी गाडी. पोचेपर्यंत खिडकी बंद. मुक्कामाला ओळखीचं कोणी नव्हतं, स्टेशनवर बाकड्यावर बसले. सकाळी काम झालं दहा मिनिटांत! नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमी आहे, जागा आहे. तिथे सही करायचा अधिकार असलेला एक माणूस बसवा. पोस्टाची पेटी नको, अधिकारी हवा. आराखड्यात 'दुर्गम भाग' हा शब्द दरवेळी असतो, तो माणूस कधी नसतो.

साक्री तालुका, पालक
मनी आंडेर (मुलगी) घरमा पयली पदवीधर. वसतिगृह भेटनं म्हनीसन शिकनी. बाकी इमारती मंग बांधा, पोरीस्ले खोल्या पह्यले द्या.

अमळनेर
वरच्या अप्पांना अनुमोदन. (अप्पा, अहिराणीत लिहिलंत, बरं वाटलं.) आमच्याकडचं तत्त्वज्ञान केंद्र १९१६ चं, प्रतापशेठजींच्या देणगीतून उभं राहिलेलं. आता ते विद्यापीठाकडे आहे. दुसऱ्या कुठल्या नव्या विद्यापीठाला एवढी जुनी वास्तू आयती मिळाली असती तर त्यांनी मिरवली असती. आपल्याकडे विकास म्हटला की मुख्य आवारात अजून एक इमारत. तिथे निदान उन्हाळी वर्ग तरी भरवा.

धरणगाव, निवृत्त कर्मचारी
धडगावच्या ताई, तुमचं खरं आहे. आमच्या कौतुकात हा भाग राहूनच जातो. नुसतं इथे लिहून थांबू नका. २०१६ च्या कायद्यानुसार विद्यापीठाला ५ वर्षांचा बृहत आराखडा करावाच लागतो आणि अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. तुमचं नाव पदवीधर म्हणून नोंदवलंय का? नसेल तर आधी ते करा, मैत्रिणींचंही करून घ्या. धडगाव-अक्कलकुव्यातून मतं दिसली की उमेदवार घाट चढून येतील.

धडगाव, एमए
नोंदवते दादा. त्या फॉर्मवर आडनाव मात्र मीच लिहीन.