साटंलोटं की विनिमय?

धंतोलीकर:
रक्तदाबाच्या रुग्णांच्या प्लेटलेट्समधल्या सोडियम-प्रोटॉन प्रकरणावर मराठीत टिपण लिहून राहिलो आहे. प्लेटलेटला शाळेच्या पुस्तकात ‘रक्तपट्टिका’ म्हणतात, मला ‘रक्तबिंबिका’ आवडतो. 2-3 मायक्रोमीटरचं चपटं बिंबच ते. (डेंग्यूच्या दिवसांत नागपुरात मात्र ‘पेशी किती आल्या?’ एवढंच विचारतात.) अडलो आहे क्रियेपाशी. बिंबिकेच्या आवरणातलं एक प्रथिन एक सोडियम आत घेतं आणि एक प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजनचा आयन) बाहेर घालवतं. ‘अदलाबदल’ लिहिलं, तर बायको म्हणाली, देवळाबाहेर चपला बदलल्यासारखं वाटतं.

महालवाली:
वहिनींचं खरं आहे, अदलाबदलीत चुकून झाल्याचा भास होतो. ‘देवाणघेवाणी’त आज दिलं, उद्या घेतलं चालतं, इथे तर उधारीच नाही. माझ्या आजीचा शब्द साटंलोटं: त्यांची पोरगी आपल्या घरात, आपली त्यांच्या घरात. एकास एक!

सक्करदरा:
साटंलोटं आता पेपरात ठेकेदार-अधिकाऱ्यांचं असते बापा! ‘विनिमय’च ठेवा. अन् ‘पंप’ तर लिहूच नका. पंप वेगळा: 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, त्याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चावं लागते. विनिमय सोडियमच्या उतारावर चालते. बाहेर जास्त, आत कमी, म्हणून तो आपणच आत घरंगळते अन् त्या जोरावर प्रोटॉन बाहेर जाते.

धंतोलीकर:
‘सोडियमचा उतार’ उचलला! विनिमयही ठेवतो, साटंलोटं कंसात. बिंबिकाच का, तर रक्त काढलं की त्या हाती येतात. रक्तवाहिनीच्या स्नायूचा तुकडा कोण काढून देईल? दोन्हीकडे आकुंचनाला कॅल्शियम लागतं, म्हणून एकीवरून दुसऱ्याचा अंदाज. काही रुग्णांत हा विनिमय जास्त वेगाने चाललेला आढळला. तो रक्तदाबाचं कारण की परिणाम, हे तेवढ्यावरून ठरत नाही, म्हणून ‘विनिमयामुळे’ खोडून ‘विनिमय वाढलेला आढळतो’ केलं. ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’मधल्या ‘इसेन्शियल’ला काय लिहू? एका भाषांतरात चक्क ‘अत्यावश्यक उच्च रक्तदाब’ वाचला. किराण्याच्या यादीत शोभेल.

सक्करदरा:
‘प्राथमिक’. म्हणजे ठरावीक एक कारण सापडत नाही असा.

महालवाली:
आणि ‘उच्च’ कुठेही गाळू नका हो. आमच्या गल्लीत सगळे ‘मला रक्तदाब आहे’ म्हणतात. ज्याला नाही, त्याला मोक्षधामला न्यावं लागेल.