कॅलेंडुला कधी पेरायचा? (सोसायटीचा गच्चीबाग ग्रुप, पुणे)

ए-४०२ : नमस्कार मंडळी. नर्सरीतून कॅलेंडुलाच्या बिया आणल्यात. यूट्यूबवर इंग्लंडमधल्या एका बाईंचा व्हिडिओ पाहिला, त्या मार्च-एप्रिलमध्ये पेरा म्हणतात. मग मार्चपर्यंत थांबू का? बी-७०१ काकू, तुमच्याकडे दर हिवाळ्यात असतो म्हणून विचारते.

सी-१०३ काका : थांबायचं कशाला? पाऊस संपलाय, माती ओली आहे. आजच टाका. दिवाळीला फुलं येतील.

बी-७०१ काकू : मार्च तर अजिबात नको गं. आणि काका, आजही नको. तिकडे थंडी ओसरली की पेरतात, आपल्याकडे थंडी पडायला लागली की पेरायचा. झाड तेच, त्याला गारवाच लागतो. मार्चमध्ये पेरलास तर कळ्या धरायच्या वेळेला मे महिना. फुलं बटणाएवढी येतात आणि झाड वाळून जातं.

बी-७०१ काकू : दिवाळीचं विसरा. पेरल्यापासून फूल यायला दोन महिने तरी धरा. तोरणाला झेंडूच बरा. कॅलेंडुलाचं फूल संध्याकाळी मिटतं, त्यामुळे हारातही शोभत नाही.

सी-१०३ काका : पण दोन्ही एकच ना? आमचा माळी दोन्हीला झेंडूच म्हणतो.

बी-७०१ काकू : नाही हो काका. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, त्याला आपला उन्हाळा-पावसाळा चालतो. हा भूमध्य समुद्राकडचा. झेंडूचं बी काळं, काडीसारखं, टोकाला कुसळ. याचं बी चंद्रकोरीसारखं वाकडं, पाठीवर बारीक काटे. दोन्ही एकाच हिशेबाने लावले म्हणून कितीतरी जणांचा कॅलेंडुला उगवतच नाही, आणि बियांना नावं ठेवली जातात.

ए-४०२ : मग नक्की कधी?

बी-७०१ काकू : कोजागरी होऊ दे. गच्चीवर दूध प्यायला जमू तेव्हा हवा कशी आहे ते कळेलच. उगवायला १५ ते २० अंश उत्तम. आत्ता दुपारी ३२ असतं, आणि काळ्या ट्रेमधली माती त्याहून तापते. पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटली की पहिला ट्रे. साधारण ऑक्टोबरअखेर. अर्ध्या बिया राखून ठेव, त्या नोव्हेंबरच्या मध्यात. म्हणजे एक खेप गेली तरी दुसरी हाताशी, आणि फुलंही मार्चपर्यंत पुरतात.

डी-६०४ : माझी बहीण ठाण्याला असते. तिकडे येईल का?

बी-७०१ काकू : येईल, पण हंगाम आखूड. तिला नोव्हेंबरअखेर पेरायला सांग आणि सकाळचंच ऊन येतं अशा खिडकीत ठेवायला सांग. दुपारचं ऊन तिथे सोसत नाही.

सेक्रेटरी : मध्येच लिहितो, रविवारी टाकी साफ होणार आहे. गच्चीवरच्या कुंड्या शनिवारी पूर्वेच्या कठड्याला सरकवाव्यात ही विनंती 🙏

ए-४०२ : हो दादा, सरकवते. काकू, पेरायचं कसं तेही सांगा ना.

बी-७०१ काकू : माती, कोकोपीट आणि जुनं गांडूळखत सारखं घे. बी एक सेंटीमीटर खोल, वरून माती नीट झाक. याला उगवायला अंधार लागतो, वर भुरभुरवून सोडू नको. ट्रे पूर्वेच्या बाल्कनीत सावलीला. पाणी स्प्रेने, माती ओलसर राहील एवढंच. आठवडा ते दोन आठवडे वाट बघ. पण हिरवं टोक दिसलं की त्याच दिवशी कोवळ्या उन्हात आण. सावलीत राहिली की रोपं लांबुडकी होतात आणि माना टाकतात.

बी-७०१ काकू : चार-पाच पानं आली की दहा इंची कुंडीत एकच रोप. मोह होतो, तरी दोन लावू नकोस. दाटी झाली की पानांवर भुरी येते. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, मग बाजूने फांद्या फुटतात. फार शेणखत घालू नकोस, नुसता पाला माजतो.

डी-६०४ : माझ्या झाडाला गेल्या वर्षी कळीच्या खालच्या देठावर काळे किडे चिकटले होते. अगदी दाटीवाटीने.

बी-७०१ काकू : तो मावा. या झाडाची पानं-देठ जरा चिकट असतात, त्यात तो लपतो. मुंग्या देठावर चढताना दिसल्या की कळीखाली वाकून बघायचं. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार पुरते, नाहीतर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, संध्याकाळी. दिवसा नको, मधमाश्या असतात.

सी-१०३ काका : पाकळ्या खातात असंही वाचलं.

बी-७०१ काकू : खातात, युरोपात केशराऐवजी रंगाला वापरत. भातावर छान दिसतात. पण नर्सरीतून फुललेलं झाड आणलं असेल तर त्याच्या पाकळ्या खाऊ नका, त्यावर काय फवारलंय माहीत नसतं. आणि ज्यांना शेवंतीची ॲलर्जी आहे त्यांनी दूरच राहावं, कूळ एकच.

ए-४०२ : सुकलेली फुलं काढायची का?

बी-७०१ काकू : काढत राहा. झाडावर बी धरलं की ते नवी फुलं देत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र दोन-तीन चांगली फुलं झाडावरच वाळू दे. तपकिरी झाली, हात लावताच बी सुटायला लागलं की तोड, सावलीत वाळव, कागदी पाकिटात ठेव. आपल्या हवेत वाढलेल्या झाडाचं बी मला विकतच्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

डी-६०४ : काकू, तुमच्याकडचं थोडं बी मिळेल का?

बी-७०१ काकू : कोजागरीला गच्चीवर घेऊन येते. रिकामी पाकिटं आणा, आणि वर तारीख लिहायला पेन.