मदत हवी आहे: डिझेल एसयूव्हीचं अ‍ॅव्हरेज १२.५ वरून ९ वर आलंय

गोदाकाठ (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. माझ्या मोठ्या डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज दिवाळीपर्यंत साडेबाराच्या आसपास होतं, आता ९ वर आलंय. सर्व्हिस वेळच्या वेळी होते. एअर फिल्टर नवीन, डिझेल फिल्टर नवीन, ऑइल सांगितलेल्या ग्रेडचंच. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवलं, कॉम्प्युटर लावला, 'बिघाडाचा कोड काही नाही, गाडी ओके आहे' म्हणाले. तिसऱ्यांदा गेलो तर इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) क्लीनिंगचं साडेसात हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. महिन्याला ९०० किमी चालते, म्हणजे २८ लिटर डिझेल जास्त जातंय. पुढच्या शनिवारी आईला घेऊन समृद्धीने नागपूरला जायचंय, त्याआधी हे सुटायला हवं.

प्रश्न एकच: इंजेक्टर क्लीनिंग करू की नको? 'मोठी गाडी घेतलीत तर सोसा' असं कृपया कुणी लिहू नका.

पान्हा (रात्री ११.०५)

गाडी कुठल्या सालची? बीएस४ की बीएस६ (प्रदूषणाचे नियम)? मॅन्युअल की ऑटोमॅटिक? एकूण किती किमी झाले? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे ९ कुठून काढलंत, टाकी फुल करून की समोरच्या स्क्रीनवर बघून?

सह्यवारा (रात्री ११.२०)

इंजेक्टर क्लीनिंगला पैसे घालू नका. पंपावर डिझेल अ‍ॅडिटिव्हची बाटली मिळते, दर टाकीला एक टाका. मी तीन वर्षं टाकतोय, गाडी लोण्यासारखी चालते.

रानवाट (रात्री ११.३१)

हे सगळं २० टक्के इथेनॉलमुळे. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचंही असंच झालं. सरकारने आधीच्या इंधनाचा पर्याय द्यायलाच हवा.

पान्हा (रात्री ११.३८)

रानवाट, इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, डिझेलमध्ये नाही. इथे प्रश्न डिझेल गाडीचा आहे. मेव्हण्यांची गाडी पेट्रोल असणार.

सह्यवारा, 'लोण्यासारखी' हे माप नाही. बाटलीच्या आधी किती अ‍ॅव्हरेज होतं आणि नंतर किती?

सह्यवारा (रात्री ११.४५)

सगळंच आकड्यांत मावत नाही. इंजिनचा आवाज कमी झाला, हे मला रोज ऐकू येतं.

गोदाकाठ (सोमवार, सकाळी ७.१५)

२०२१ ची आहे, म्हणजे बीएस६. ऑटोमॅटिक, ४×४, सात सीटर. ८२,००० किमी झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, दोष कंपनीचा आहे असं मला म्हणायचंच नाही. अ‍ॅव्हरेज स्क्रीनवर बघतो, आधीही तिथेच बघत होतो, त्यामुळे तुलना बरोबरच आहे. वापर नॉर्मल. इंजेक्टरचं कुणीच बोलत नाहीये.

पान्हा (सकाळी ८.०२)

बोलतो. धूर काळा येत नाही, सकाळी स्टार्टिंग लांबत नाही, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन थरथरत नाही, कोड नाही. हे सगळं खरं असेल तर इंजेक्टर माझ्या यादीत शेवटी. शंकाच असेल तर क्लीनिंगच्या आधी रिटर्न टेस्ट करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल बाटल्यांत जमवतात. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरली, तर तो इंजेक्टर गळतोय. टेस्ट न करता दिलेल्या एस्टिमेटवर साडेसात हजार घालू नका.

आता तुमचा 'नॉर्मल वापर'. पाच वर्षांत ८२,००० म्हणजे महिन्याला तेराशे-चौदाशे किमी. तुम्ही आता ९०० म्हणताय. वापर बदललाय. काय बदललं?

घाटमाथा (सकाळी ८.४०)

नाशिककर दिसताय, म्हणून सांगतो. कसारा उतरताना न्यूट्रलला टाकत जा. माझे वडील ट्रकवर होते, ते सगळे घाट असेच उतरायचे. डिझेलचा थेंब लागत नाही.

मावळतीर (सकाळी ८.५५)

घाटमाथा, कृपा करून हा सल्ला इथे देऊ नका. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर आताची कॉम्प्युटरवर चालणारी (कॉमन रेल) डिझेल इंजिनं इंजेक्शनच बंद करतात. चाकं इंजिन फिरवतात, डिझेल शून्य. न्यूट्रलला टाकलं की इंजिनला स्वतःला चालू ठेवावं लागतं, म्हणजे उलट डिझेल लागतं. शिवाय दोन टनांच्या वरची गाडी नुसत्या ब्रेकवर घाट उतरली की ब्रेक तापून फेड होतात, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. लोक त्यात मरतात.

घाटमाथा (सकाळी ९.१०)

वडिलांनी तीस वर्षं गाडी चालवली, एक अपघात नाही.

मावळतीर (सकाळी ९.१४)

वडिलांबद्दल आदर आहेच. त्यांच्या वेळचा पंप वेगळा, ट्रक वेगळा. इथे वाचून कुणी आईला शेजारी बसवून हा प्रयोग करू नये, एवढंच माझं म्हणणं.

गोदाकाठ (सकाळी ९.३०)

घाट बाजूला ठेवा, मी महिन्यातून एकदाही कसारा उतरत नाही. पान्हा, बदल काही विशेष नाही. आधी सिन्नर एमआयडीसीला जात होतो, जाऊन-येऊन ७० किमी. दिवाळीनंतर ऑफिस गंगापूर रोडला आलं, घरापासून ४ किमी. मुलांना शाळेत सोडतो आणि पुढे जातो. अंतर कमी झालंय, म्हणजे डिझेल कमीच लागायला हवं ना?

पान्हा (सकाळी ९.४४)

अहो, हेच आधी लिहायचं होतं.

लिटर कमी लागतील, पण अ‍ॅव्हरेज पडणारच. चार किमीत एवढं मोठं इंजिन पुरतं गरमही होत नाही. थंड ऑइल जाड असतं, गिअरबॉक्सचं तेलही थंड. वर शाळेबाहेरची रांग, सिग्नल. उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य असतं, हे विसरू नका.

दुसरं, डीपीएफ. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर आहे. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल मारून त्याचं तापमान ६०० अंशांच्या घरात नेते आणि काजळी जाळते. त्याला रिजनरेशन म्हणतात. हायवेला हे काम गुपचूप उरकतं. ४ किमीत ते सुरू होतं आणि तुम्ही ऑफिसला पोचून चावी बंद करता. संध्याकाळी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. डिझेल जातं आणि काजळी तिथेच राहते. गाडी बंद केल्यावर पुढचा पंखा जोरात फिरत राहतो का? आयडल आरपीएम कधीकधी दोनशेने वर असतो का?

गोदाकाठ (सकाळी ९.५८)

पंखा फिरतो! आठवड्यातून दोन-तीनदा. मला वाटलं एसीमुळे असेल.

पान्हा (सकाळी १०.०३)

मग आजच डिपस्टिक बघा. अर्धवट रिजनरेशनमध्ये न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. वरच्या खुणेच्या पुढे असेल तर नागपूरच्या आधी ऑइल बदला. अ‍ॅव्हरेजपेक्षा हे महत्त्वाचं. आणि इथून पुढे पंख्याचा आवाज आला किंवा आरपीएम वर दिसला, की गाडी बंद करू नका, रिंगरोडला पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा.

सह्यवारा (सकाळी १०.२०)

सरळ डीपीएफ काढून रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) घ्या ना. माझ्या ओळखीचे करून देतात. पिकअपही वाढतो, अ‍ॅव्हरेजही.

मावळतीर (सकाळी १०.२६)

बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर शाळेबाहेर उभ्या पोरांच्या तोंडात जातो. गोदाकाठ रोज तिथेच उभे असतात. नको.

कंपास (सकाळी ११.००)

टायरचं कुणी विचारलं नाही. साइज काय? कधी बदलले? आणि वर कॅरियर आहे का?

गोदाकाठ (दुपारी १.१५)

टायर अगदी नवीन आहेत, त्यामुळे ते कारण नाही. दिवाळीला बदलले. दुकानदाराने ऑल टेरेन (कच्च्या रस्त्यालाही चालणारे) सुचवले, एक नंबर मोठे बसतात म्हणाला, गाडी छान उंच दिसते. आधी २६५/६० आर १८ होते, आता २६५/६५ आर १८. कॅरियर आहे, तेव्हाच घेतला. हवा ३० आहे.

डिपस्टिक बघितली. ऑइल वरच्या खुणेच्या जरासं खालीच आहे.

कंपास (दुपारी १.४०)

शाळेत गणित शिकवतो, म्हणून मांडून दाखवतो. २६५/६० आर १८ म्हणजे रिम १८ इंच, ४५७.२ मिमी, अधिक दोन्ही बाजूंच्या भिंती (२६५ मिमी रुंदीच्या ६० टक्के) १५९ + १५९. व्यास ७७५.२ मिमी. नव्याच्या भिंती १७२.२५ च्या, व्यास ८०१.७ मिमी. फरक ३.४ टक्के.

गाडी किमी मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून, आणि तिला चाक बदललेलं माहीत नाही. तुम्ही १०३.४ किमी जाता तेव्हा ती १०० दाखवते. म्हणून तुमचे ९ खरे तर ९.३ आहेत. स्पीडोमीटरचंही तेच, १०० दिसतात तेव्हा मूळ चाकांच्या हिशोबाने तुम्ही १०३ वर असता. समृद्धीवर हे लक्षात ठेवा.

पण हे झालं दिसण्यापुरतं. ऑल टेरेन टायर जड असतो, नक्षी जाड, रस्त्याला घर्षण जास्त. चाक मोठं झाल्याने इंजिनला प्रत्येक वेळी गाडी उठवायला जास्त जोर लागतो, ऑटोमॅटिक खालच्या गिअरला जास्त वेळ राहते. सिग्नलला थांबून निघणाऱ्या वापरात हे सगळ्यात महाग पडतं.

रानवाट (दुपारी २.०५)

नायट्रोजन भरा. हवेचा प्रश्नच मिटतो.

पान्हा (दुपारी २.१२)

साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच आहे. अ‍ॅव्हरेज वाढतं ते बरोबर दाबाने. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर भरलेल्या गाडीचा दाब वेगळा दिलेला असेल तर नागपूरला तो ठेवा. सकाळी टायर थंड असताना मोजायचा. उन्हात, तासन्‌तास एकाच वेगाने, कमी हवेचा टायर चालला की तापतो आणि फुटतो. आई बरोबर आहेत, स्टेपनीसकट पाचही तपासा.

मावळतीर (दुपारी २.३०)

वेगाचंही बघा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ऐवजी १२० ने गेलात तर १.४४ पट. या गाड्या समोरून भिंतीसारख्या, वर रिकामा कॅरियर म्हणजे आणखी अडथळा. सामान आत मावत असेल तर कॅरियर उतरवा. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून १२० नेच गेलं पाहिजे असं नाही. ९५-१०० वर क्रूझ लावा, आईंनाही बरं वाटेल.

ओसरी (दुपारी ३.१०)

समृद्धीने जाताय तर लक्षात ठेवा, वार्षिक फास्टॅग पास तिथे चालत नाही. तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांसाठी आहे. आमची जाताना गडबड झाली होती. आणि डबा घरून न्या, खायची ठिकाणं लांब लांब आहेत.

गोदाकाठ (दुपारी ३.२५)

ताई, टोलचं विचारलं नव्हतं, पण हे माहीत नव्हतं. आभार. कॅरियर आज संध्याकाळी उतरवतो. टायर मात्र एवढ्यात बदलणं शक्य नाही, चारांना मोठी रक्कम गेलीये.

पान्हा (दुपारी ३.४०)

बदलू नका, झिजेपर्यंत वापरा, पुढच्या वेळी मूळ साइज घ्या. आता फक्त नीट मोजा. नाशिकला निघताना टाकी फुल, नोझल पहिल्यांदा कट झाली की थांबायचं, राउंड फिगरसाठी वर टिपूस नाही. नागपूरला पोचल्यावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत. किमी मोबाइलच्या जीपीएसवर घ्या. आणि वाटेत थांबाल तेव्हा चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला लगेच टेकवू नका. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरतोय. संगणकाला तो कोड दिसत नाही.

गोदाकाठ (पुढचा रविवार, रात्री ९.२०)

नागपूरहून लिहितोय. हे घ्या आकडे. ओडोमीटर ५८३, जीपीएस ६०३, डिझेल ५१.२ लिटर. म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज ११.८. स्क्रीन ११.९ दाखवत होती. कंपास सर, तुमचे ३.४ टक्के अगदी बरोबर निघाले. कॅरियर काढला, हवा स्टिकरप्रमाणे, बहुतेक वेळ ९५ वर. आई मागच्या सीटवर जालन्यापर्यंत निवांत झोपली.

पण मेहकरजवळ थांबलो तेव्हा मागचं डावं चाक तापलेलं होतं. बाकी तीन कोमट, याच्याजवळ हात धरवेना. परतीच्या आधी काय करू?

पान्हा (रात्री ९.२८)

याच चाकावरून तसंच परत निघू नका. उद्या सकाळी नागपुरातच दाखवा. जॅकवर चढवून चाक हाताने फिरवायला सांगा. अडत असेल तर कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना काढून साफ करून ग्रीस लावायचं, पिस्टन मागे जातो का बघायचं, हँडब्रेकची केबल मोकळी आहे का तेही. तिथून पॅडचा फोटो टाका.