एकच रेणू ‘घडवला’, हे ठरवायचे कशावरून?

प्रयोगवेडा: ‘लेझरच्या चिमट्याने अणू उचलून हवा तो रेणू जोडता येतो, रसायनशाळांना आता कुलूप लावा’ अशा आशयाचा लेख इथे वाचला आणि राहवले नाही. हार्वर्डमधील कांग-कुएन नी यांच्या गटाने २०१८ मध्ये सोडियमचा एक व सीझियमचा एक अणू दोन प्रकाशचिमट्यांत (अणू धरून ठेवणाऱ्या, एका बिंदूवर एकवटलेल्या लेझरझोतांत) पकडला, चिमटे एकत्र आणले आणि तिसऱ्या लेझरने त्यांचा रेणू केला, हे खरे. परंतु तो उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जेचा, क्षणभंगुर रेणू होता. यावरून कुलपाची भाषा कशाला?

जुना रसायनशिक्षक: मुळात रेणू झाला हे कळले कसे? कॅमेऱ्यात दोन अणूंचे दिसणारे दोन्ही ठिपके दिसेनासे झाले, यावरून! परीक्षानळीतला अवक्षेप नाहीसा झाला म्हणून ‘नवे संयुग तयार झाले’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी आयुष्यभर शून्यच दिले.

लेझरवाला: गुरुजी, आपले शून्य जपून ठेवा. लेझरची वारंवारता ठरावीक जागी आली की दोन्ही अणू एकदम जातात, जराशी सरकवली की राहतात. अंधाऱ्या खोलीत अशी एक वर्णपटरेषा, म्हणजे ती नेमकी वारंवारता, शोधण्यात ज्याने रात्री घालवल्या आहेत, त्याला ‘नाहीसे होणे’ आणि ‘नेमक्या वारंवारतेला नाहीसे होणे’ यांतला फरक सांगावा लागत नाही.

जुना रसायनशिक्षक: अणूंची आपापसांत टक्कर होऊनही दोघे एकदम उडतात, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

लेझरवाला: उडतात, पण ती टक्कर या लेझरची वारंवारता विचारून होत नाही. शिवाय याच गटाने पुढे चुंबकीय क्षेत्राने आधी सैल बांधलेला रेणू केला आणि २०२१ मध्ये दोन लेझरांनी तो तळाच्या, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, अवस्थेत नेला. तिथून तो परत सैल अवस्थेत आणता येतो, म्हणजे केवळ गायब होण्यावर काही अडून राहत नाही. त्याचे आयुष्य सुमारे ३.४ सेकंद भरले.

जुना रसायनशिक्षक: बरे, २०२१ चा रेणू मान्य, २०१८ च्या रेणूला वर्णपटापुरते काठावर पास करतो. साडेतीन सेकंदांच्या या अमरत्वाबद्दल अभिनंदन.

प्रयोगवेडा: दोघांनाही विनंती, कुलपाचे काय? ४.६ डिबाय एवढा मोठा विद्युत द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार) असलेले हे रेणू क्वांटम संगणनासाठी हवे आहेत. एकेक जोडून चिमूटभर मीठसुद्धा होणार नाही, एवढे तरी त्या लेखकाला सांगा.