पाळी जातानाच्या शर्यती : तुमचे अनुभव सांगा

बेचाळिसाव्या वर्षी धावायला लागले. पुढची चार वर्षं दर जानेवारीत मुंबईच्या अर्धमॅरेथॉनमधली माझी वेळ उतरत गेली, २:३८ वरून २:१७ पर्यंत. सत्तेचाळिसाव्या वर्षी सराव तोच, बूट तेच, आणि वेळ २:४१. दोन वर्षं मी स्वतःलाच बोल लावत राहिले की आळस वाढला, मन लागत नाही.

त्याच काळात रात्री तीनला अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन जाग यायची. पंखा पाचवर करायचे, पलीकडच्या खोलीतून सासूबाई विचारायच्या, "थंडीत पंखा कशाला गं?" आणि साडेचारला लाँग रनचा गजर. त्या मोडलेल्या झोपेचा आणि घसरलेल्या वेळेचा काही संबंध असेल, हे मला कुणी सांगितलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये गुडघ्यांवर तासभर चर्चा होते, पाळीवर एक शब्द नाही.

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास थांबते. आपल्यापैकी कितीतरी जणी पहिली शर्यत धावतात ती याच वयात. म्हणून विचारते. टायमिंग, डॉक्टर काय म्हणाले, कशाची लाज वाटली, सगळं लिहा.

ठाणे, वय ५१

पेडर रोडचा चढ मी कधी चालत चढले नव्हते, पूर्ण मॅरेथॉनमध्ये तो ३५ किलोमीटरनंतर येतो तेव्हासुद्धा. दोन वर्षांपूर्वी चढाच्या पायथ्याशीच छातीपासून डोक्यापर्यंत आग चढली. ऊन मला कळतं, हे ऊन नव्हतं. आतून येतं, कानशिलं तापतात, धडधड होते आणि दोन-तीन मिनिटांत गार घाम ठेवून ओसरतं. घाबरून कडेला बसले. नंतर हृदयाची सगळी तपासणी करून घेतली, आणि ती करायलाच हवी. धडधड आपली आपणच पाळीच्या खात्यावर टाकू नये. सगळं ठीक निघालं. आता आग आली की पेस सोडते, मानेवर ओला स्पंज दाबून चालते आणि शंभर मोजते. शंभर झाले की परत धावायला लागते. चढ संपेपर्यंत घड्याळ बघत नाही.

नाशिक, वय ४८

माझी पाळी जायच्या आधी ताळतंत्र सोडून आली. कधी पंधराव्या दिवशी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की नऊ-दहा दिवस. कमरेच्या पट्ट्यात जेलच्या जागी पॅड ठेवायचे. शर्यतीच्या आदल्या दिवशी रिक्षाने जाऊन वाटेतली शौचालयं बघून यायचे. आठव्या किलोमीटरलाच धाप लागायला लागली तेव्हा आमचे कोच म्हणाले, मायलेज, म्हणजे आठवड्याचं धावायचं अंतर, वाढवा. वाढवलं, तर घराचा जिना चढतानाही धाप! शेवटी नणंदेने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. हिमोग्लोबिन ९.१, फेरीटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा ६, सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ. सहा महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, चहाच्या वेळेपासून लांब, लिंबूपाण्याबरोबर. रक्तस्रावासाठी वेगळं औषध. सराव तेवढाच ठेवला आणि पेस परत आला. नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका गं, फेरीटिनही करायला सांगा.

सातारा, वय ५५

लिहायला संकोच वाटतोय, तरी लिहिते. आमच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट आधी चढायचा, मग तोच उतरायचा. चढाला मी तरुण मुलींना मागे टाकते. उताराला मात्र पावलागणिक लघवीचे थेंब. पावसात सगळ्याच भिजलेल्या असतात, कुणाला कळलं नाही, म्हणून तीन वर्षं गप्प राहिले. पाणी पिणं कमी केलं, तर पोटऱ्यांत गोळे आले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं, दोन बाळंतपणं आणि त्यात पाळी गेल्यावर लघवी धरून ठेवणारे स्नायू आणखी कमजोर होतात. कीगल, म्हणजे त्याच स्नायूंचे व्यायाम, मी करत होते, पण चुकीचे. श्वास कोंडून पोट आत ओढायचे. त्यांनी शिकवलं : वारा सरताना अडवतो तसं आतून वर उचलायचं, पाच मोजायचे आणि पूर्ण सैल सोडायचं. ते सोडणंच मला जमत नव्हतं. चार महिन्यांनी जाड पॅडवरून पातळ लायनरवर आले. उतारावर पावलं आता लहान टाकते आणि पाणी पोटभर पिते.

नागपूर, वय ६१

मला काहीच त्रास झाला नाही. ४९ ला पाळी गेली, वाटलं सुटले. ५८ ला पायाच्या बोटामागचं हाड तडकलं, न पडता, न मुरगळता. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, मणक्याचा टी-स्कोअर उणे २.७, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. पाळी थांबते त्याच्या आगेमागची काही वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि नेमकी तीच वर्षं मी नुसती धावले, वजन कधी उचललं नाही, वर रात्रीचं जेवण सोडलं होतं. आता औषध चालू आहे आणि आठवड्यातून दोनदा जिम. तिथला मुलगा आधी म्हणायचा, "काकू, हलकं घ्या." आता तोच बारबेलला प्लेटा चढवून देतो.

न्यू जर्सी, वय ५४

मी डॉक्टरांशी बोलून हार्मोनचा पॅच लावते, कमरेखाली, आठवड्यातून दोनदा बदलायचा. गर्भाशय आहे म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉनची गोळी. झोप परत आली, बाकीचं झोपेमागून आलं. माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, तिला हे चालत नाही, तेव्हा माझं बघून कुणी परस्पर सुरू करू नका.

आणि वेळेबद्दल एक. १९८४ ची पहिली ऑलिंपिक महिला मॅरेथॉन जोन बेनॉइट सॅम्युअलसनने २:२४:५२ मध्ये जिंकली. पन्नासाव्या वर्षी ती २ तास ४९ मिनिटांत धावली. चोवीस मिनिटांचा फरक, आणि तिला कुणी आळशी म्हणालं नाही. २:१७ आणि २:४१ मध्येही तेवढाच फरक आहे, ताई.

पुणे, वय ५०

सगळ्यांचं वाचलं. मी अजून परतलेले नाही. वर्षभर शर्यत नाही, सकाळी टेकडीवर चालते. नाव नोंदवायचे दिवस आले की रडू येतं आणि का येतं ते घरी सांगता येत नाही. एवढंच लिहायचं होतं.

धागा काढणारी, वय ४९

पुण्याच्या ताई, मीही रविवारी चालणारच आहे, तुम्ही म्हणाल त्या टेकडीवर येते. न्यू जर्सीच्या ताई, ती वजाबाकी मी कागदावर करून पाहिली. आणि नाशिकच्या ताई, उद्या सकाळी रक्त द्यायला जातेय. चिठ्ठीवर फेरीटिन लिहून घेतलंय.