वरणभाताने काय घोडं मारलंय?
प्रथिनं आणि पिष्ट (स्टार्च) एकत्र पचत नाहीत, म्हणून वरणभात सोडून हळूहळू पूर्ण कच्च्या आहाराकडे वळा, असं काही जण सुचवतात. कच्चं वाढवायला माझी ना नाही. पण ही न मिसळण्याची कल्पना विल्यम हॉवर्ड हे (Hay) नावाच्या अमेरिकी डॉक्टरने गेल्या शतकात लोकप्रिय केली, आणि ती आपल्या तुरीच्या डाळीपाशीच अडते. डाळीत दोन्ही असतात, वेगळं कसं करणार? स्वादुपिंडातून दोन्हींची पाचक विकरं (एन्झाइम्स) एकदमच लहान आतड्यात येतात. उलट मेथिओनिन आणि लायसिन या प्रथिनांच्या घटकांपैकी डाळीतली मेथिओनिनची कमतरता भात भरून काढतो आणि भातातली लायसिनची डाळ.

कच्चं वाढवायचंच असेल, तर सुरुवात वाटीभर कोशिंबिरीने करा. काकडी, मुळा, वर दाण्याचं कूट. मग मोड आलेले मूग, तेही मूठभरच. एकदम वाढवलेत तर पोट फुगेल आणि दोष बिचाऱ्या मुगाला! राजमा मात्र कच्चा नकोच, मोड आणूनसुद्धा. त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाने उलट्या-जुलाब होतात, तो खळखळून उकळायलाच हवा. गाजरातलं बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) तर शिजवून, थोड्या तुपाबरोबरच जास्त अंगी लागतं. आणि दूधही सोडणार असाल, तर बी-१२ जीवनसत्त्वाचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.