जिप्सीत मारुती एस्टीमचं एमपीएफआय (सेन्सर बघून पेट्रोल फवारणारं) इंजिन, गरम झालं की आयडल (पाय न लावता इंजिनाचा वेग) 1000 ते 1800 झुलतंय

कोल्हापूरची_जिप्सी:
मंडळी नमस्कार, माझी जुनी कार्बोरेटरवाली जिप्सी आहे, तिच्यात एस्टीमचं 1298 सीसीचं 16 व्हॉल्व्ह इंजिन बसवून घेतलंय, वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पण त्याच डोनर गाडीचा, म्हणजे जिचं इंजिन काढलं तिचा. आरटीओची मंजुरी घेतली आहे. थंड असताना गाडी एकदम छान. गरम झाली की पाय न लावता आरपीएम 1000 वरून 1800, परत खाली, परत वर, सारखं तेच. हेडलाइट लावले की काटा अजून नाचतो. आणि स्पीडमधून येऊन क्लच दाबून थांबायला गेलो की बऱ्याचदा इंजिन बंदच पडतं. परवा पन्हाळ्याच्या घाटात असंच बंद पडलं आणि दोन दाबांत ब्रेक दगडासारखा कडक झाला, शेजारी वडील होते, तेव्हापासून घाटात न्यायची हिंमतच होत नाही. मेस्त्रींनी आयडल व्हॉल्व्ह, टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर) आणि प्लग बदलले, थ्रॉटलचा (पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा) स्क्रू पण फिरवून बघितला, फरक शून्य. आता ईसीयू बदलू म्हणतात. काय करू?

पाना_काका:
ईसीयूला हात लावू देऊ नका. या इंजिनात हवा मोजायला वेगळं मीटर नाही, मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मॅप सेन्सर बघतो आणि त्यावरून पेट्रोल ठरतं. त्यामुळे कुठून चोरटी हवा शिरली तर दाब वाढतो, ईसीयूला वाटतं लोड आला, पेट्रोल वाढवतो, आरपीएम चढतं. ईसीयू आयडल व्हॉल्व्ह पूर्ण मिटून घेतो तरी हवा येतच राहते. मग आरपीएम जास्त आणि थ्रॉटल बंद असं दिसलं की त्याला वाटतं गाडी उतारावर आहे, तो इंजेक्टर बंद करतो, आरपीएम पडलं की परत चालू करतो. तुमचं झुलणं ते हेच. थंड असताना त्याला मुळात जास्तच आयडल हवं असतं म्हणून तेव्हा जाणवत नाही.

मॅनिफोल्डच्या सगळ्या निपल (पाइप जोडायची तोंडं) बघा, विशेष करून ब्रेक बूस्टरचा (इंजिनाच्या ओढीवर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) पाइप, कारण तो जिप्सीचा आणि निपल एस्टीमची, माप जुळेलच असं नाही. एकेक पाइप चिमट्याने दाबा, ज्याला दाबल्यावर आरपीएम बदलून स्थिर होईल तोच चोर. कार्ब क्लीनर गरम इंजिनावर मारू नका, आग लागते, त्यापेक्षा पाण्याचा बारीक फवारा बरा. आणि तो थ्रॉटलचा स्क्रू आधी होता तिथे न्या बाळा, कंपनी तो सील करून देते, त्यावर आयडल सेट करायचं नसतं. थ्रॉटल थोडा जरी उघडा राहिला तरी टीपीएसचं व्होल्टेज बदलतं आणि पाय काढलाय हेच ईसीयूला कळत नाही.

वायरमन_सातारा:
काकांचं बरोबर, पण हेडलाइटला काटा नाचतो म्हणजे अर्थिंग पण गेलंय. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट लावा, मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला. 0.1 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ कमी आहे. स्वॅपमध्ये (इंजिन बदलताना) इंजिन ते चॅसिसची अर्थची पट्टी जुन्या इंजिनाबरोबर निघून जाते आणि नवीन कोणी लावतच नाही, मग सेन्सर खरं सांगतात पण ईसीयूपर्यंत खोटं पोचतं. चावी ऑन इंजिन बंद असताना मॅपवर साधारण 4 व्होल्ट आणि गरम आयडलला एक-दीड यायला हवेत.

थांबताना बंद पडण्याचं कारण मला वेगळं वाटतं. स्पीड सेन्सर जोडलाय का? डोनरचा गिअरबॉक्स आणि मीटर भंगारातच राहतात, त्यामुळे ती वायर बहुतेक स्वॅपमध्ये मोकळीच लोंबत असते. गाडी पळतेय हेच ईसीयूला माहीत नाही, मग थांबताना आयडल व्हॉल्व्ह वेळेवर उघडणार कसा.

कोल्हापूरची_जिप्सी:
आठ दिवसांनी सांगतोय. बूस्टरचा पाइप निपलला सैल होता आणि मागच्या एका निपलचं रबरी बूच तडकलेलं, दोन्ही बदलले. अर्थला 0.6 व्होल्ट आले!! जाड केबल ब्लॉकवरून सरळ बॅटरीला नेली, हेडलाइटचं नाचणं तिथेच बंद. स्क्रू मागे घेतला, आता गरम इंजिन 850 वर शांत. तरी थांबताना दोनदा बंद पडलं, मग मीटरच्या केबलवर बसणारा स्पीड सेन्सर लावून ती वायर जोडली आणि काल पन्हाळा वर-खाली करून आलो, एकदाही बंद नाही. वडील बरोबर होते. दोघांचे मनापासून आभार. फक्त रेडिएटरचा पंखा सुरू झाला की आरपीएम 50 ने पडून लगेच सावरतं, हे चालेल ना?

पाना_काका:
चालेल. अल्टरनेटरवर लोड आला की तेवढं होतंच. बूस्टरच्या पाइपला क्लिप पक्की लावा आणि महिन्याभराने एकदा परत आवळा.